शपथ आणि सवाल

दरवर्षी २१ मे हा दिवस उजाडला की सरकारी कचेऱ्यांतून एक छोटासा विधी पार पडतो. कर्मचारी आपापल्या टेबलांमागून उठून व्हरांड्यात किंवा सभागृहात उभे राहतात, वरिष्ठ अधिकारी कागदावरून एकेक वाक्य वाचतात, बाकीचे ते त्यांच्यामागून म्हणतात, आणि दोन-तीन मिनिटांत दहशतवाद व हिंसाचार यांच्याविरुद्ध शपथ घेऊन मंडळी पुन्हा कामाला लागतात. १९९१ साली याच दिवशी श्रीपेरुंबुदुर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली. म्हणून हा दहशतवादविरोधी दिन. त्यांचा जन्मदिवस, २० ऑगस्ट, हा सद्भावना दिन. त्याचीही प्रतिज्ञा आहे. १९ ते २५ नोव्हेंबर हा कौमी एकता सप्ताह. त्याचे फलक आहेत, फेऱ्या आहेत, निबंधस्पर्धा आहेत. अतिरेकी विचारांविरुद्ध लोकमत घडविण्यासाठी शासनाने असे बरेच लेखन आजवर केले आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या त्रैमासिकात या कागदांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, मराठीतील चांगल्या कवितासंग्रहाच्या हजार प्रती खपल्या तरी प्रकाशक समाधान मानतो. ही सरकारी वाक्ये मात्र लाखो तोंडांतून जातात. माणसाचे मन वळविण्याच्या हेतूने जे लिहिले जाते त्याला आपण वाङ्मयाची कसोटी कधी लावत नाही, आणि म्हणूनच ते इतके निस्तेज राहते. हे लेखन कोण करते, कोणाला उद्देशून करते, आणि ऐकणाऱ्याकडून ते काय अपेक्षिते, एवढे तीनच प्रश्न आम्ही येथे विचारणार आहोत.

आम्हा वऱ्हाडातील माणसांना हे प्रश्न केवळ वाङ्मयीन कुतूहलाचे नाहीत. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्रिपुरातील घटनांच्या वार्तांवरून अमरावतीत मोर्चा निघाला आणि दुकानांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला आणि पुन्हा दगड पडले, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. कौमी एकता सप्ताहाची तारीख त्यानंतर सहाच दिवसांनी आली. २१ जून २०२२ रोजी अमरावतीतील एका औषधविक्रेत्याची, भ्रमणध्वनीवर पुढे पाठविलेल्या मजकुराच्या रागातून, दुकान बंद करून घरी जाताना हत्या झाली आणि तपास राष्ट्रीय यंत्रणेकडे गेला. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली आणि एकाचा बळी गेला. या तिन्ही प्रसंगांतील तरुण शाळेत गेलेले होते. अर्थात शालेय प्रतिज्ञेसाठी त्यांनी रोज सकाळी उजवा हात पुढे केलेलाच होता. त्याच हातात दगड कसा आला, हे विचारल्यावाचून या वाङ्मयाची समीक्षा पुरी होणार नाही.

शपथेची भाषा

आधी शपथेचाच कागद वाचू. दहशतवादविरोधी शपथेत कर्ता 'आम्ही' आहे, सद्भावना प्रतिज्ञेत तो 'मी' आहे. एरवी दोहोंची घडण सारखीच. अहिंसा, सहिष्णुता, सामंजस्य, मानवी मूल्ये अशी भाववाचक नामे एकामागून एक येतात. ज्यांच्याशी लढायचे त्या शक्तींना विघातक म्हटले आहे, पण त्या शक्ती कोठे राहतात, त्यांना कोणता चेहरा आहे, याचा उल्लेख नाही. शपथ घेणारा निर्दोष आहे, आणि दोष सर्वस्वी बाहेरच्यांचा आहे, असे या वाक्यरचनेने गृहीतच धरले आहे. त्यामुळे ज्याच्या मनात शेजाऱ्याविषयी विष साठले आहे तोही ही शपथ निर्वेध मनाने घेऊ शकतो. कारण त्याच्या दृष्टीने विघातक शक्ती म्हणजे तो शेजारीच असतो. ज्या शपथेने दोन्ही बाजूंचे दगड मारणारे सारखेच सुखावतात ती शपथ कोणालाच स्पर्श करीत नाही.

सद्भावना प्रतिज्ञा याहून थोडी बरी. मतभेद चर्चेने व घटनात्मक मार्गांनी सोडवीन, असे तीत एक ठोस वचन आहे. परंतु ती चर्चा कोणी, कोणाशी, कोणत्या चावडीवर करायची, हे प्रतिज्ञेनंतर कोणी सांगत नाही. वचन हवेत राहते आणि माणूस चहाला जातो.

शपथेची ही दुर्बलता लेखकांच्या अकुशलतेतून आली, असे आम्ही मानीत नाही. शासनाला सर्वांशी एकदम बोलावे लागते; कोणाला दुखवून चालत नाही. सर्वांना चालणारे वाक्य शोधता शोधता लेखक अशा वाक्यापर्यंत पोहोचतो की ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही. परंतु ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला मनापासून हो तरी कसे म्हणावे?

जे साधले त्याची नोंद

सरकारी छत्राखाली झालेले सारेच लेखन असे निस्तेज आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' ही छोटी चलच्चित्रिका केली. भीमसेन यांची चित्रे आणि वसंत देसाई यांचे संगीत तिला लाभले. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दूरदर्शनवर ती पाहिलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे, आणि तिला ती अजून आठवते. या चित्रिकेची सुरुवात उपदेशाने होत नाही. एक लहान मूल ताईला शब्दाचा अर्थ विचारते, आणि त्या विचारण्यातून पाखरांची व जाळ्याची जुनी गोष्ट उलगडत जाते. पाखरे पारध्याशी लढायला जात नाहीत. जाळ्यासकट एकत्र उडतात. अशा रीतीने देशाविषयीची गोष्ट सांगितली गेली.

दुसरे उदाहरण १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर आलेल्या 'मिले सुर मेरा तुम्हारा' या गीताचे. पंजाब तेव्हा पेटलेला होता. भीमसेन जोशींच्या भैरवीने आरंभ होणाऱ्या या गीताच्या संगीतात अशोक पत्की आणि लुई बँक्स यांचा हात होता. त्यात अतिरेक्यांचा धिक्कार नाही, इशारा नाही, शपथही नाही. एक माणूस आपल्या भाषेत गातो, दुसरा आपल्या भाषेत ते उचलतो. ऐकणाऱ्याला त्यात आपली भाषा येण्याची वाट पाहावी लागते, आणि ती वाट पाहताना तो इतरांच्या भाषा ऐकतो. शत्रू कोण हे न सांगता मित्रांची संख्या वाढविण्याची ही युक्ती शपथेच्या लेखकांना सुचलेली नाही.

या दोन कृतींत एक साम्य आहे. दोहोंत ऐकणाऱ्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे. मूल विचारते म्हणून ताई सांगते. एक गातो म्हणून दुसऱ्याला सूर मिळविता येतो. शपथेत ती जागा नाही. तेथे मागून म्हणण्याचेच काम उरते.

गडचिरोलीचे फलक

विदर्भाच्या पूर्व टोकाला याच प्रश्नाची अधिक कठीण परीक्षा झाली. १९८० च्या सुमारास नक्षलवादी चळवळ आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलात उतरली. शासनाने बंदुकीबरोबर शब्दांचाही उपयोग केला : पोलिसांचे जनजागरण मेळावे, हिंसेत मारल्या गेलेल्या आदिवासींची चित्रे असलेले फलक, नक्षलवाद्यांना थारा न देण्याचा ठराव करणाऱ्या गावांसाठी गावबंदी योजना व तिच्याबरोबर विकासनिधी, २००५ पासूनची आत्मसमर्पण योजना. दुसऱ्या बाजूनेही शब्द होतेच. जुलैअखेरच्या आणि डिसेंबरच्या सप्ताहांत लाल कापडी फलक झाडांना बांधलेले दिसत, आणि थोड्या अंतरावर पोलिसांचे फलक त्यांना उत्तर देत.

या फलकांतील मजकूर कोणी वाचला तर त्यांची ताकद व मर्यादा दोन्ही कळतील. मृत माणसाचे नाव व चेहरा असलेला फलक कोणत्याही घोषणेहून बोलका असतो. येथे शासनाने भाववाचक नामे सोडून माणसाचे नाव घेतले, ही मोठी गोष्ट. पण त्या दोन फलकांच्या मधून मोहाची फुले वेचायला जाणारा माणूस दोघांच्याही लेखी ऐकणाराच राहिला. एकाने त्याला जनता म्हटले, दुसऱ्याने नागरिक म्हटले. तुझे काय म्हणणे आहे, हे विचारण्याची घाई कोणाला नव्हती. आणि ज्या गावाला गावबंदीचा ठराव करायचा, त्याला त्याची किंमत रात्री मोजावी लागू शकते, हे ठरावाच्या मसुद्यात कोठेच लिहिलेले नसते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती या ज्येष्ठ नेत्याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. सुरक्षादलांचा दबाव त्यामागे होता हे उघड आहे. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट टिपावी. त्याआधीच्या काही आठवड्यांत शस्त्रे ठेवावीत की नाहीत यावर त्या संघटनेच्या आतच पत्रांतून उघड वाद झडला होता. आपल्याच माणसाने आपल्याच भाषेत विचारलेला प्रश्न ऐकणाऱ्याला टाळता येत नाही. परक्याच्या फलकाकडे मात्र त्याला पाठ फिरविता येते.

एका शब्दाचा प्रवास

येथे 'अतिरेकी' या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. अतिरेक म्हणजे मर्यादा ओलांडणे. जेवणाचा अतिरेक होतो, लाडांचा होतो, भक्तीचाही होतो. हा शब्द कृतीला लागतो तोवर नीतीच्या क्षेत्रात असतो. व्यक्तीला चिकटला की तो शिक्का होतो. ऐंशीच्या दशकात मराठी वृत्तपत्रांनी तो पंजाबातील बंदूकधाऱ्यांसाठी रूढ केला; पुढे दहशतवादी, नक्षलवादी, शहरी नक्षलवादी असे त्याचे वारस आले. शब्द जितका सैल, तितकी त्याच्या कक्षेत येणारी माणसे अधिक.

आम्हा कॅथॉलिकांना याची झळ ठाऊक आहे. झारखंडातील आदिवासींमध्ये काम करणारे येशूसंघीय धर्मगुरु फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. कंपवाताने त्यांच्या हातात पेला ठरत नव्हता. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्याआधीच, वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोपांचा निवाडा कोणत्याही न्यायालयाने केला नाही. पण शिक्का मात्र बसला होता. हे लिहिताना अमरावतीच्या त्या औषधविक्रेत्याच्या घरचे दुःख आम्ही क्षणभरही हलके मानीत नाही. खरा खुनी अतिरेक या देशात आहे, आणि त्याच्याविरुद्ध शासनाने बोललेच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की, एकच शब्द खुन्याला आणि टीकाकाराला सारखाच लावला जातो तेव्हा तो शब्द खुन्यासाठी मऊ होतो. ऐकणाऱ्याचा विश्वास हे अशा प्रचाराचे एकमेव भांडवल आहे, आणि ते असे वाया जाते.

वऱ्हाडाची स्वतःची रीत

आता घरच्या परंपरेकडे वळू; कारण लोकांचे मन वळविण्याची कला शिकण्यासाठी वऱ्हाडाला बाहेर जाण्याची गरज नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी, म्हणजे संत गाडगेबाबा, यांना अक्षरओळख नव्हती. गावात शिरताना त्यांच्या हातात खराटा असे. दिवसभर ते गावाचे रस्ते झाडीत आणि रात्री त्याच गावापुढे कीर्तनाला उभे राहत. ज्याने आपला उकिरडा उपसला त्याला बोलण्याचा अधिकार आहे, हे गावाला कोणी समजावून द्यावे लागत नसे. कीर्तनाची रीतही निराळी. बाबा सांगत थोडे, विचारीत फार. नवसाला बोकड कापता, कर्ज काढून लग्न लावता, माणसाला शिवत नाही. हे बरोबर का, असा त्यांचा रोख असे, आणि समोरचे हजारो लोक मोठ्याने उत्तर देत. ते उत्तर एकदा स्वतःच्या तोंडून गेले की घरी जाऊन विसरणे कठीण. नोव्हेंबर १९५६ मध्ये, देह ठेवण्यापूर्वी जेमतेम दीड महिना, मुंबईत वांद्र्याला पोलिसांच्या वस्तीत त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. शासनाच्याच शिपायांपुढे एक निरक्षर वऱ्हाडी माणूस सवालामागून सवाल करतो आहे आणि सारी सभा एका आवाजात उत्तरे देते आहे, हे ज्याने ऐकले नसेल त्याने ते अवश्य ऐकावे. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर या बाबांच्या सहवासात राहिले आणि पुढे त्यांचे चरित्र लिहिते झाले, यात नवल नाही.

तुकडोजी महाराजांची रीत आणखी वेगळी. यावलीचा हा खंजिरीवाला भजनकार १९४२ च्या लढ्यात तुरुंगात गेला, १९५५ साली त्याने 'ग्रामगीता' दिली, आणि सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत साऱ्या धर्मांना एका ओसरीवर बसविले. गुरुकुंज मोझरी येथे त्यांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्यात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक मौन पाळतात आणि सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात. गाडगेबाबांनी सवालाने जे केले ते येथे मौनाने होते. दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याला स्वतःशी काही करावे लागते.

शासनाने या संतांची नावे घेतली. २००० साली संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले, आणि स्पर्धेच्या चुरशीने का होईना अनेक गावे झाडली गेली. २००७ साली गृहखात्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आणली. तिचे कौतुक करताना आम्हाला संकोच वाटत नाही. गावाने आपला तंटा आपणच बसून मिटवावा, ही कल्पना शपथेपेक्षा कितीतरी पुढची आहे, कारण तीत गावाला काही विचारले आहे. तिच्यातील धोकाही तेथेच आहे. लोकसंख्येनुसार बक्षीस ठरले, गुणांकन आले, आणि गुणांसाठी तंटा मनातून मिटण्याआधी कागदावर मिटविण्याचा मोह उभा राहिला. गाडगेबाबा गाव झाडीत तेव्हा गुण देणारे पथक येत नसे.

सवाल विचारणारे शासन असूच शकत नाही, असे मात्र नव्हे. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी यंत्रमागावरचे, दुकानातले, गल्लीतले सामान्य लोक होते, आणि पोलिसाचे काम मुख्यतः ऐकण्याचे होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळाली, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. १९९४ साली मुंबईतही अशा समित्यांची चळवळ सुरू झाली, आणि तिच्या अग्रभागी पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्याबरोबर आपल्या समाजातील ज्युलिओ रिबेरो होते. या समित्यांचे एकही घोषवाक्य आम्हाला आठवत नाही, आणि हीच त्यांची प्रशस्ती समजावी.

आमच्या घरातील प्रचार

शासनाला एवढे ऐकविल्यावर धर्मसभेने आरशात पाहणे प्राप्त आहे. जगातील सर्व भाषांत कुप्रसिद्ध झालेला 'प्रोपगंडा' हा शब्द रोममध्येच जन्मला. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी श्रद्धेच्या प्रसारासाठी स्थापिलेल्या मंडळाचे ते नाव. १९६७ मध्ये ते बदलले गेले. आमच्या अमरावती धर्मप्रांताची स्थापना १९५५ साली झाली, आणि पहिले बिशप जोसेफ रोझारिओ हे संत फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनरी संघाचे. हा संत लेखकांचा व पत्रकारांचा आश्रयदाता. १५९४ पासून शाब्ले प्रांतात लोक त्याचे प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा तो पत्रके लिहून त्यांच्या दारांखालून आत सरकवीत असे. दाराखालून येणारा कागद वाचायचा की चुलीत घालायचा हे घरमालकाच्या हाती असते. त्या पत्रकाचे सामर्थ्य या मोकळीकीतच होते. पण अखेरीस सव्हॉयच्या ड्यूकची सत्ताही त्या दारापाशी येऊन उभी राहिली, आणि ज्यांनी मन बदलले नाही त्यांना प्रांत सोडावा लागला, हेही इतिहासात आहे. पत्रकामागे शिपाई उभा राहिला की पत्रक वाचणाऱ्याचे हो खरे की भीतीचे, हे संतालाही कळणे कठीण. गडचिरोलीच्या मेळाव्याचा प्रश्न आमच्यासाठी असा चारशे वर्षांचा जुना आहे.

पण धर्मसभेकडे दुसरी रीतही आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त, म्हणजे १६१६ सालच्या आपल्या आद्य मराठी ग्रंथात, श्रोते मध्येच शंका विचारतात आणि पाद्रीगुरूला थांबून उत्तर द्यावे लागते. पास्काच्या रात्री स्नानसंस्काराची वचने आपण नव्याने देतो, तीही प्रश्नोत्तराने. धर्मगुरु विचारतो, सैतानाचा व त्याच्या कृत्यांचा त्याग करता का. आणि प्रत्येकाने स्वतःसाठी उत्तर द्यायचे असते. ही शपथच आहे, परंतु सवालांनी बनलेली. आणि तिचा आरंभ बाहेरच्या विघातक शक्तींच्या निषेधाने न होता स्वतःच्या आतील दुष्टाव्याच्या त्यागाने होतो. खेदाची गोष्ट ही की, वर्षानुवर्षे तेच उत्तर देऊन आपण त्याचेही कचेरीतील शपथेसारखे करून टाकले आहे.

याची जाणीव आम्हाला २०२१ च्या त्या नोव्हेंबरात झाली. संचारबंदी उठल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मिस्सामध्ये आम्ही शांतीवर प्रवचन केले. प्रेम, क्षमा, बंधुभाव, सारे शब्द जागच्या जागी होते. दुपारी कळले की, त्याच मिस्साला आलेल्या एका तरुणाने, इंटरनेट सुरू होताच, एका समाजाविषयीचा विखारी मजकूर पंचवीस जणांना पाठविला होता. आम्ही त्याला बोलावून घेतले आणि पुन्हा उपदेश सुरू केला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "फादर, तुमी सांगतलं थे बराबर हाय. पन आमाले कोनं काई इचारलंच नाई." त्याच्या काकाची टपरी बंदच्या दिवशी फुटली होती, हे तेव्हा आम्हाला प्रथम कळले. दोन मैलांवर राहणाऱ्या आपल्या मेंढराचे दुःख ठाऊक नसताना आम्ही त्याला क्षमेचे व्याख्यान देत होतो. शपथ वाचणाऱ्या अधिकाऱ्यात आणि आमच्यात त्या दिवशी फारसे अंतर नव्हते.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी माणसाचा दाखला आपण सारे पाठ म्हणतो. तो दाखला वैराविरुद्ध आहे, पण त्याची रचना पाहावी. शास्त्र्याने विचारले, माझा शेजारी कोण. प्रभूने व्याख्या केली नाही. गोष्ट सांगितली, तीत तिरस्कृत समाजाचा माणूस दयाळू दाखविला, आणि शेवटी उलट सवाल केला : या तिघांत शेजारी कोण ठरला? उत्तर शास्त्र्यालाच द्यावे लागले. 'शोमरोनी' हा शब्द त्याच्या ओठांवर आला नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणू शकला. प्रभूने त्याला तो शब्द उच्चारण्याची शपथ घातली नाही. तेवढ्यावर समाधान मानून त्याला तसेच करायला पाठविले. अर्धे उत्तर का असेना, ते त्याचे स्वतःचे होते.

म्हणून शासनाला आमची विनंती साधी आहे. शपथेचा कागद ठेवावा. पण त्याच सभागृहात, त्याच दिवशी, दहा मिनिटे लोकांना विचारावे की गेल्या वर्षात तुमच्या गल्लीत कोणाला कोणाची भीती वाटली, आणि अधिकाऱ्यांनी ती दहा मिनिटे काही न बोलता लिहून घ्यावे. सणांपूर्वीच्या शांतता समितीत पहिल्या रांगेतील आम्हा पागोटे-टोपी-झगेवाल्यांपेक्षा मागे उभ्या असलेल्या पोरांना खुर्ची द्यावी. आणि 'अतिरेकी' हा शब्द हातात बंदूक किंवा सुरा असलेल्यासाठी राखून ठेवावा.

आमच्या धर्मग्रामात आम्ही एक लहानसा बदल केला आहे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी शाळेच्या खोलीत बसतो आणि एकच सवाल टाकतो : या महिन्यात खरा की खोटा हे न तपासता आपण कोणाविषयी काय पुढे पाठविले? पहिल्या बैठकीत पंधरा मिनिटे कोणी बोलले नाही. पंखा तेवढा फिरत होता. मग आमचे वृद्ध धर्मशिक्षक उठले आणि त्यांनी आपला फोन काढून एक मजकूर सर्वांना वाचून दाखविला. तो त्यांनी आम्हालाच पाठविला होता, आणि आम्ही तो आणखी दोघांना.